मिथिलाच्या नावाचा घास

आमच्या घरात मिथिलाला भरवलेला घास मिथिलाच्या तोंडात जात नाही. ज्याचं नाव घेऊन भरवावा, त्याच्या तोंडात जातो. हे मला पहिल्याच दिवशी कळलं, कारण जेवणं होताहेत तोच कराडहून माझ्या दिरांचा, सुहासभावजींचा, फोन आला.

"वहिनी, मेथी लई भारी झालीया आज. लसूण तेवढा कमी पडलाय बघा."

मेथी मी माझ्या मुलीसाठी केली होती. मिथिला सहा वर्षांची आहे, ऑटिस्टिक आहे. बोलत नाही, आणि साधा पांढरा भात सोडून काही खात नाही. ताटात हिरवं दिसलं की कानांवर हात ठेवते, जशी काही भाजी ओरडतेय. नुसत्या भातावर पोर वाढणार कसं, म्हणून ती जाते त्या थेरपी सेंटरच्या देवल मॅडमनी माझ्या मोबाईलमध्ये एक ॲप घालून दिलं. हा घास काऊचा, हा घास चिऊचा म्हणत आपल्या आया भरवायच्या, तेच, फक्त मोबाईलवर. ताटासमोर कॅमेरा धरायचा, यादीतलं नाव निवडायचं, ते मोठ्यानं म्हणायचं आणि घास उचलायचा. काऊ-चिऊ यादीत आधीपासून होते. बाकीची नावं ॲपनं माझ्या कॉन्टॅक्टमधून घेतली.

भावजींच्या नावाचा घास मी तिच्या ओठांपर्यंत नेला आणि माझी बोटं रिकामी झाली. स्क्रीनवर एक चांदणी उमटली. मिथिला खळखळून हसली, टाळ्या पिटायला लागली. मी काही भोळी बाई नाही. पण ताटासमोर बसून हसणारी मिथिला मी आजवर पाहिली नव्हती, आणि मला इतका आनंद झाला की मी लगेच पुढचा घास उचलला.

मग गाजर काऊला गेलं, पालक चिऊला, मूग गावाकडच्या नलूआत्यांना आणि दुधी हर्षदच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, साहेबांना. सगळे अंगानं भरले. काऊ तर इतका माजला की त्याला उडता येईना. तो स्वयंपाकघराच्या खिडकीत ठाण मांडून बसला आणि ओट्यावर दिवसासुद्धा दिवा लावावा लागला. इकडे मिथिलाचे फ्रॉक तिला मोठे व्हायला लागले. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, दुसरं काय.

देवल मॅडमनी मोबाईल पाहिला आणि त्या खूश झाल्या. "वा! भाज्यांच्या सगळ्या चांदण्या मिळाल्यात की!"

"मॅडम, तिचं वजन उतरतंय."

"ॲपमध्ये खाल्लेलं दिसतंय ना?"

"दिसतंय."

"मग आता भात बंद करा. भात मिळतोय तोवर ती दुसरं काही स्वतःहून खाणार नाही."

मी भात बंद केला. मिथिला दोन्ही वेळा रिकामी वाटी मांडीवर घेऊन बसली, रडलीसुद्धा नाही. मला ते बघवेना. मॅडम गेल्या खड्ड्यात, असं म्हणून मी कुकर लावला आणि कुणाचंही नाव न घेता, मोबाईल लांब ठेवून, वाटीत भात वाढला. भात खिडकीकडे गेला. नाव न घेतलेला घास जवळ बसलेल्याचा, असा नियम असावा. काऊनं चोच पुसली.

दुसऱ्या दिवशी नलूआत्या पिशवी घेऊन दारात उभ्या.

"अगं, तिकडं घास पोचेस्तोवर गार होतोय. म्हटलं, हितंच येऊन बसावं."

त्यांच्यामागून भावजी आले, मग साहेब, मग गॅसवाला, मग मी ज्यांची ज्यांची नावं घेतली होती ते सगळे. कुणाला ताट लागत नव्हतं. भिंतीला पाठ टेकून ओळीनं बसायचं आणि तोंड उघडायचं, एवढंच. बेल वाजली की दार उघडायला मिथिला जायची. ते काम तिला फार आवडलं. आलेल्याकडे ती बघायची नाही, पण त्याला बसता यावं म्हणून सरकायची. सरकत सरकत ती चपलांच्या स्टँडपाशी गेली. पाहुणे जाडजूड होत होते आणि माझ्या कोपरांना हलायला जागा उरली नव्हती. मला त्या सगळ्यांचा राग येत होता. पण आपल्याच हातानं भरवलेल्यांना ऊठ कसं म्हणायचं?

"तिचं नाव का घेत नाहीस तू?" हर्षदनं विचारलं. तोही ओळीतच बसला होता. त्याच्या वाट्याला दोडका आला होता.

"यादीत नाही ती. तिला कुठाय मोबाईल नंबर?"

त्यानं माझा मोबाईल सहज उचलला आणि स्वतःच्या जुन्या, बंद पडलेल्या सिमचा नंबर मिथिला या नावानं टाकून दिला. यादीत नाव आलं. आपण आईबाप असून हे इतके दिवस कसं सुचलं नाही, या विचारानं मला हसूही आलं आणि रडूही.

मी गुरगुट्या भात केला, तूप घातलं, मीठ घातलं. पाहुण्यांच्या पायांवरून वाट काढत चपलांच्या स्टँडपाशी पोचले. एक घास. एकच घास तिच्या पोटात जाऊ दे, बाकी मला काही नको, असं मी देवाला म्हणाले. ओळीतल्या सगळ्यांनी तोंडं मिटली. काऊनंसुद्धा चोच मिटली.

"हा घास मिथिलाचा," मी म्हणाले.

मिथिलानं नाव ऐकलं. तिनं ओठ उघडले नाहीत. ती उठली, बसली होती ती फरशी तळव्यानं नीट पुसून काढली, आणि त्या नावाचं आणखी कुणी यायचंय असं समजून दार उघडायला गेली. तिनं कडी काढली. मग चौकटीच्या बाहेर सरकून, भिंतीला अंग चोरून, वाट मोकळी करून उभी राहिली.

माझी बोटं रिकामी होती. जिन्यावर पावलं वाजत होती, लहान मुलीची, पण जड, पोटभर जेवल्यासारखी. आत ओळीतले सगळे तिच्यासाठी सरकून घेत होते.