उपाशी वाफा

शेतकी खात्याच्या वाळवेकर साहेबांचा टांगा कंग्राळीच्या वळणावर दिसला, तेव्हा चिंतामणी मक्याच्या दोन वाफ्यांमध्ये उभा होता आणि मका उपटावा की स्वतःलाच पुरून घ्यावं, हे त्याचं ठरत नव्हतं.

पुण्याच्या शेतकी कॉलेजातून उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याला इथं सरकारी प्रयोगावर धाडलं होतं. प्रयोग अगदी साधा. एका वाफ्याला शेणखत, शेजारच्याला नुसतं मोटेचं पाणी. फरक साहेबांना दाखवायचा. साहेब खूश झाले तर शेतकी खात्यात नोकरीची शिफारस. नाही झाले तर वडील, उपेंद्रराव वकील, यांनी मुलासाठी काळा कोट शिवून तयारच ठेवला होता. कसर लागू नये म्हणून ते तो रोज उन्हात वाळत घालत.

मधे चिंतामणी तापानं पंधरवडाभर बेळगावात घरी पडून होता. आज सकाळी परतून बघतो, तर बिनखताचा वाफा खताच्या वाफ्याला मागं टाकून हातभर वर गेलेला.

“भावकूआक्का,” त्यानं शेताच्या मालकिणीला विचारलं, “ह्याला काय झालं?”

“काय व्हतंय? जेवला. एकाच्या पानात वाढायचं आन् दुसऱ्याला बघत बसवायचं व्हय रं? तू आजारी, तुझ्या हातनं राहिलं असंल म्हनून समद्या गल्लीनं खताच्या पाट्या टाकल्या. शेजारचा मारुतीराव तर रोज शेणाचा काला पाजतोय.”

“आक्का, तो मुद्दाम उपाशी ठेवला होता!”

“मुद्दाम?” भावकूचा आवाज खाली आला. “तुझ्या आईला ठावं हाय हे?”

टांगा थांबला, तशी बघायला सगळी गल्ली बांधावर जमली. वाफ्यात म्हैस सोडावी, असं चिंतामणीच्या मनात आलं. म्हैस तयार होती. पण साहेब तोवर बांधावर पोचले.

“बिनखताचा कुठला?”

चिंतामणीनं बोट दाखवलं. साहेबांचा चेहरा उतरला.

“म्हणजे खत घातलं की पीक खुंटतं?”

जमिनीचा गुण, एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. चिंतामणीला दोरीवरचा काळा कोट हात पसरून आपली वाट बघताना दिसला.

“नाही साहेब. प्रयोग बुडाला. माझ्यामागं गावानं खत घातलं.”

“कुणी?”

बांधावरच्या सगळ्यांनी हात वर केले. मारुतीरावानं दोन्ही.

साहेब मटकन खाली बसले. चिंतामणी त्यांच्या टोपीकडं बघत राहिला.

“शेणी थापून जाळू नका, शेण शेतात घाला, म्हणून मी गावोगाव घसा फोडतोय,” साहेब शेवटी म्हणाले. “एक पाटी कुणी टाकली नाही. तुम्ही यांना सांगितलंत तरी काय?”

“काहीच नाही. मी तापानं निजलो होतो.”

“हे कॉलेजात शिकवत नाहीत.” साहेब हसले नाहीत. “शिफारस करतो. पण पुढच्या उन्हाळ्यात हिंडलग्याला जायचं. खरा प्रयोग कुंपणाच्या आत. आणि एक वाफा बाहेर, भर रस्त्यावर, उपाशी ठेवायचा.”

चिंतामणीचा जीव भांड्यात पडला. तो तिथं टिकला मात्र फार थोडा वेळ.

“हिंडलग्याला माझी भन दिलीया,” रिकामी पाटी काखेत मारत भावकू म्हणाली. “आजच निरोप धाडते. तू काळजी करू नगंस लेकरा, कुंपनाच्या आतल्याला बी ती उपाशी ऱ्हाऊ देनार न्हाय.”