पुसलेला सूर

मी एक जुना पावा आहे. किती जुना, ते विचारू नका, मित्रांनो. त्यावरून भल्याभल्यांची जुंपते. मोठ्या पक्ष्याच्या पंखाच्या हाडातून मला घडवलं. आज काचेच्या पेटीत मखमलीवर पडून असतो, पण माझा जन्म काही मिरवण्यासाठी झालेला नव्हता. मी कामाचा होतो.

नदीवरच्या एका लांब नावेत एक बाई मला वाजवायची. तिचे गाल असे फुगायचे की सगळे तिला गालफुगी म्हणत. मी सूर धरला की सगळी वल्ही एकदम पाण्यात पडायची, थांबलो की एकमेकांवर आपटायची. एवढी धिप्पाड माणसं, पण माझ्याशिवाय त्यांचं पान हलत नसे! माझं चौथं छिद्र मात्र घडवणाऱ्याच्या हातून जरा मोठं झालं होतं. तो सूर चढा लागायचा. गालफुगीनं छिद्राच्या कडेला थोडं मेण लिंपलं, बोटानं दाबलं, वाजवून पाहिलं, पुन्हा दाबलं. तेव्हा कुठे मी सुरात आलो.

पुढे ती नाव बुडाली. गालफुगी पोहत काठाला लागली, तेवढं पाहिलं आणि मी गाळात गेलो. तिथे मला कोण विचारणार? मासेसुद्धा तोंड लावून निघून जायचे.

कितीतरी काळानं गाळ उपसताना मी सापडलो आणि वस्तुसंग्रहालयात ताईंच्या टेबलावर आलो. जुन्या वस्तू स्वच्छ करण्यात ताईंचा हात धरणारं कोणी नव्हतं. हातात मऊ कुंचला, डोळ्याला भिंग आणि तासन्‌तास मान खाली. त्यांनी मला लखलखीत केलं. चौथ्या छिद्रातला काळा थरही चिखल समजून तेवढ्याच मायेनं खरवडून काढला. मी काय बोलणार? माझ्यात फुंकर घालायला बंदी होती.

ताईंचा धाकटा भाऊ वाद्यं घडवायचा. हरवलेले जुने आवाज पुन्हा ऐकायचे, हे त्याचं वेडच होतं. त्यानं माझी मापं घेऊन हुबेहूब दुसरा पावा बनवला आणि संग्रहालयाच्या साहेबांसमोर वाजवला. चौथा सूर असा किंचाळला की साहेबांनी कान चोळला.

"बिघडलेला नग दिसतोय," ते म्हणाले. "घडवणाऱ्यानंच फेकून दिला असेल. दालनात नको, तळघरात ठेवून द्या."

फेकून दिलेला! अख्ख्या नावेला ताल देणारा मी! माझ्या अंगाची लाहीलाही झाली.

संध्याकाळी भाऊ ताईंच्या टेबलापाशी बसून एका नव्या बासरीच्या छिद्राला मेण लावत होता.

"हे काय रे?" ताईंनी विचारलं.

"सूर चढा लागतोय, उतरवतोय. सगळेच करतात की. का गं, अशी का बघतेस?"

ताईंचा चेहरा पडला होता. वस्तूवरून खरवडलेलं काहीही फेकायचं नाही, ही त्यांची पद्धत. त्यांनी कपाटातून इवलीशी बाटली काढली आणि तो काळा तुकडा भिंगाखाली धरला. एका बाजूला छिद्राची गोलाई, दुसऱ्या बाजूला बोटाचा ठसा.

"हे मेण आहे रे. मी पुसलं."

"मग मी माझ्या पाव्याला गुपचूप लावतो ना! तुझं नाव कशाला मध्ये?"

"साहेब म्हणतील, सूर तुझा आहे, पाव्याचा नाही. आणि बरोबरच म्हणतील."

मित्रांनो, ताईंच्या कामाला आजवर कोणी नाव ठेवलेलं नव्हतं. गप्प राहिल्या असत्या, तर कोणाला पत्ताही लागला नसता. दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांपुढे ती बाटली ठेवली.

"पावा बिघडलेला नाही, साहेब. मी बिघडवलाय."

भावानं त्या तुकड्याच्या मापानं आपल्या पाव्याला मेण लावलं आणि फुंकर घातली. खोटं कशाला सांगू, गालफुगीचं गाणं काही ते नव्हतं. ते तिच्याबरोबरच गेलं. पण चौथा सूर! तो अगदी माझा होता. माझा ऊर भरून आला.

साहेबांनी बाटली उचलून आतला ठसा निरखला. मग म्हणाले, "दालनात ठेवा."

"आणि मेण कोणी पुसलं, तेही पाटीवर लिहा," ताई म्हणाल्या.

तसं लिहिलं आहे. पेटीत माझ्या शेजारीच ती बाटली आहे. आतला ठसा गालफुगीचा, खाली नाव ताईंचं. मला दोघींचाही अभिमान वाटतो.

आता नवी वस्तू टेबलावर आली की ताई कुंचला लगेच उचलत नाहीत, आधी नुसत्या बघत बसतात. तुमच्या हाती जुनं काही आलं तर तसंच करा, मित्रांनो. पुसायची घाई करू नका.