एक ते सहाचा वर्ग

पाणी तपासणाऱ्या आमच्या प्रयोगशाळेत नुसतं 'नाही' असं लिहायला बंदी आहे. नमुन्यात शिसं सापडलं नाही, तर अहवालात 'शिसे: आढळले नाही' असंच लिहायचं. यंत्राची नजर ठरावीक मर्यादेपर्यंतच पोचते. त्याखाली काय दडलंय, ते आपण छातीठोकपणे कसं सांगणार? नव्याने आलेल्या प्रत्येकाला मी आधी हेच शिकवते. आमच्यात सगळ्यांत लहान असलेल्या चिमणीलाही तेच शिकवलं होतं, आणि तिने ते फारच मनावर घेतलं.

बाटल्या धुण्याच्या खोलीबाहेर एक पांढरा फळा आहे. दर सोमवारी मी त्यावर आकड्यांचं कोडं लिहिते, बहुतेक वेळा वर्गसंख्यांचं. बाटल्या धुणाऱ्या मावशी, ड्रायव्हर, वायरमन, सगळे तिथे थांबतात आणि एकमेकांच्या चुका काढतात. एरवी या इमारतीत दिवसभर फक्त यंत्रं घरघरतात.

नवे साहेब आले आणि तो फळा त्यांच्या डोळ्यांत खुपला.

"बाई, ही काय शाळा आहे? मला इथे सूचना लावायच्यात."

"मधल्या सुट्टीपुरतं असतं, साहेब."

भोवती माणसं जमलेली पाहून त्यांना जोर चढला. "बरं, मीही एक कोडं घालतो. शुक्रवारपर्यंत सोडवलंत तर फळा तुमचा. नाहीतर भिंत माझी."

त्यांनी उभ्याउभ्याच लिहिलं: एक ते सहा हे अंक एकेकदाच वापरून सहा अंकी वर्गसंख्या बनवा.

मला नमुने आणायला बाहेरगावी जायचं होतं, गाडी दारात उभी होती. पायऱ्या उतरता उतरता मी मनातल्या मनात बेरीज केली आणि चिमणीला हाक मारून सांगितलं, "याला उत्तर नाही. तसं लिहून टाक."

शुक्रवारी परतले, तर वायरमन स्क्रू-ड्रायव्हर घेऊन फळ्यापाशी उभा. शेजारी साहेब. कोड्याखाली चिमणीच्या सुबक अक्षरात लिहिलेलं: 'उत्तर आढळले नाही.' खाली सहीसुद्धा!

"तुमच्याच पोरीने कबुली दिलीय, बाई."

"मॅडम, सवयीने हात तसाच गेला हो," चिमणी रडवेली झाली.

मी मार्कर उचलला. 'आढळले नाही' यावर काट मारली आणि वर लिहिलं: 'असूच शकत नाही.'

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"उत्तर. हे अंक कसेही मांडा, बेरीज एकवीसच येणार. म्हणजे संख्येला तीनने भाग जाणार, नऊने जाणार नाही. पण वर्गाला तीनने भाग जात असेल, तर तो तीन त्याच्या वर्गमुळातही असतो. वर्गात मूळ दोनदा येतं, म्हणून नऊने भाग जायलाच हवा. तो इथे जात नाही. विषय संपला."

"थोडक्यात, सुटलं नाही."

"सुटलं, साहेब. तुमच्याकडे दुसरं उत्तर असेल तर लिहा. मी बाजूला होते."

"ते शोधणं तुमचं काम."

वायरमन हातातलं काम विसरून ऐकत होता. "म्हणजे जन्मभर आकडे जुळवत बसलो असतो तरी?"

"तरी नाही, दादा."

"अहो साहेब! 'आढळलं नाही' म्हणजे कुठेतरी असेल, म्हणून आठवडाभर जेवतानासुद्धा हेच करतोय मी! बायको म्हणते, ताट वाढलंय, आता त्या अंकांनाच घास भरव!"

मावशी पदर तोंडाला लावून हसल्या. साहेबांचे कान लाल झाले.

"हसणं पुरे. काढ तो फळा."

वायरमनने स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, थोडा इकडेतिकडे हलवला. "खाच झिजलीय, साहेब. फिरत नाही."

खाच धडधाकट होती. मी हातभर अंतरावरून बघत होते.

"बाई, मी हे वर कळवीन."

"जरूर कळवा. सोबत माझं उत्तरही जोडा. ते चुकीचं आहे असं सांगणारा कोणी भेटला, तर फळा मी स्वतःच्या हाताने उतरवीन. तोपर्यंत तो इथेच राहील." चिमणीच्या सहीखाली मी माझी सही केली, तारीख घातली. "फोटो काढून घ्या. मला जागा हवी आहे."

त्यांनी फोटो काढला नाही. पण गेलेही नाहीत. मी फडकं घेऊन त्यांच्यासमोर सगळं पुसलं, सोमवारची वाट न बघता, आणि लिहायला लागले: चार अंकी संख्या मधोमध तोडा. दोन्ही तुकड्यांची बेरीज करा. बेरजेचा वर्ग करा. पुन्हा तीच संख्या यायला हवी. अशा तीनच आहेत, शोधा.

मग मार्कर त्यांच्यापुढे धरला.

"घ्या, साहेब. ह्याला उत्तर आहे."