वरची ओळ

ट्रंपेटच्या माऊथपीसच्या कडेवरची चांदी एकाच बाजूनं झिजली होती, डाव्या. आणि श्यामसुंदर मघापासून अंगठ्यानं तिथंच चाचपत होता – रणजीत ओठ जरा डावीकडे दाबून वाजवतो हे सव्वीस वर्षं पोलीस बँडात त्याच्या शेजारी बसून त्याला ठाऊक होतं, पण हा माऊथपीस आपल्या ओठांना लावायचा म्हणजे त्या झिजेतच तोंड घालायचं, हे आज सकाळी कळलं.

दिवाणावर दोन पेट्या उघड्या होत्या. एकीत दुकानातून तीन दिवसांच्या बोलीवर आणलेला ई-फ्लॅट, नेहमीच्या ट्रंपेटहून थोडा आखूड. दुसरीत रणजीतचा पिकोलो, सगळ्यात लहान, वीतभराहून थोडा मोठा, चार पिस्टनचा. वाशीचा गायकवृंद चालवणारी गीतांजली संध्याकाळपर्यंत उत्तर मागत होती – हिवाळ्यातल्या कार्यक्रमात ट्रंपेटची वरची ओळ वाजवणार का, आणि कशावर? ती ओळ अकरा हिवाळे रणजीतची होती. श्यामसुंदर दोन्हीकडे दुसरा. बँडात दुसरा, निवृत्तीनंतर इथंही दुसरा... दुसऱ्याचं काम काय, तर पहिला श्वास घेतो तेव्हा आवाज पडू द्यायचा नाही. रणजीत कुठं कुठं श्वास घेतो हे रणजीतपेक्षा मला जास्त ठाऊक आहे, तिथं मी वाजवत आलो.

त्यानं कपाटाचं दार उघडलं, लोंबत्या साड्यांत ट्रंपेटचं तोंड खुपसलं – कोपरखैरण्याच्या सोसायटीत एवढी तरी लाज बाळगावी लागते – आणि आधी ई-फ्लॅट वाजवला. स्वर आले, मुकाट्यानं, सरकारी नोकरासारखे. मग पिकोलो. चौथ्या मात्रेपर्यंत ठीक, आणि पुढं छाती भरून दाटली, कानशिलं ठणकली, डोळ्यांपुढं बायकोची, स्मिताची जांभळी साडी हलायला लागली. हवा संपली नव्हती, उलट उरली होती, बाहेर जायला वाटच नव्हती.

"लहान आहे म्हणजे वरचं सोपं जात असेल ना?" स्मिता मागून म्हणाली.

"स्वर ओठ काढतात, नळी नाही. लहान नळीत नेम नीट बसतो, इतकंच. पण चुकला की साऱ्या हॉलला कळतं."

"मग मोठा घ्या."

"त्यात चमक नाही."

"मग रणजीतभाऊजींना विचारा की. तळवली काय लांब आहे?"

तळवली लांब नव्हती, हीच तर पंचाईत. दीड महिन्यापूर्वी रणजीतच्या बायकोचा, वैजयंतीवहिनींचा फोन आला होता, सकाळी उठले तर यांचं तोंड वाकडं झालेलं, डावा डोळा मिटत नाही, पाणी गालावरून ओघळतं. डॉक्टर म्हणतात सुधारेलही, सुधारणारही नाही. श्यामसुंदर 'अरेरे' म्हणाला होता, आणि ते खरं होतं. पण त्या अरेरेच्या आधी, अगदी आधी, मनात काहीतरी टुणकन उठून उभं राहिलं होतं... आता वरचं कोण वाजवणार? मी. मला आनंद झाला होता. शरमेनं मेल्यासारखं नंतर झालं, पण आधी आनंदच झाला होता. त्यानंतर तो एकदाच भेटायला गेला. त्याच दिवशी रणजीतनं आपण होऊन पेटी हातात दिली होती, आणि ती घेताना श्यामसुंदरनं त्याच्याकडे पाहायचं टाळलं होतं.

दुपारी तो रिक्षानं गेला. रणजीत ओटीवर खुर्चीत बसला होता, डाव्या डोळ्यावर रुमाल धरून. वहिनींनी पाणी आणलं. श्यामसुंदरनं आधी ई-फ्लॅट वाजवला, रणजीतनं हातानंच नको म्हटलं. मग पिकोलो. पुन्हा तीच जागा आली, पुन्हा छाती दाटली.

"मी थांबायचो तिथं तू थांबत नाय," रणजीतचे शब्द उजव्या कोपऱ्यातून येत होते. "या बारक्या नळीन हवा सरत नाय, कोंडते. आदी सोड, मंग घे."

श्यामसुंदर थांबला. हवा सोडली, घेतली. रणजीतच्या जागांवर एकेक करून पहिल्यांदाच गप्प राहिला, आणि ओळ वर चढली, स्वच्छ, कुठंही न ठेचकाळता शेवटापर्यंत. गल्लीतली एक बाई वळून बघत राहिली. रणजीतच्या डाव्या गालावर पाणी होतं... पण ते तर आता नेहमीच असतं.

"ही ओळ पाठ हाय तुला," रणजीत म्हणाला. "माझं तोंड गेलं, त्याच्या कितव्या दिशी वाजवून पाहिलीस?"

वहिनी आत होत्या. पेटी मिळाल्यावर म्हणता आलं असतं, गेल्या आठवड्यात म्हणता आलं असतं.

"त्याच दिवशी. माझ्याच ट्रंपेटवर."

रणजीत हसला, किंवा त्याचा उजवा अर्धा हसला. डावा होता तसाच राहिला, ओला, उघड्या डोळ्याचा, आणि श्यामसुंदरला कळेना यातल्या कुठल्या चेहऱ्याला उत्तर द्यायचं. खिशात फोन थरथरायला लागला, गीतांजलीचाच असणार. पिकोलो परत पेटीत ठेवायला हवा होता, निदान खाली तरी ठेवायला हवा होता. पण हात सोडायला तयार नव्हता, आणि आपण तो घट्ट धरून बसलो आहोत हे रणजीतला दिसतंय, हे ठाऊक असूनही त्यानं ते लपवलं नाही.