जेवायला गेलेल्या मालकाचा टेलिफोन

मित्रांनो, एके काळी देशाचा सगळा व्यापार माझ्या तारेवर उभा होता. सगळा म्हणजे, एका गल्लीतल्या एका दुकानातला, बिजागऱ्या आणि कड्या-कोयंड्यांचा.

मी एक जुना टेलिफोन आहे. काळा, जड, तबकडीचा. जन्म सरकारी कारखान्यातला. त्या काळी फोनसाठी अर्ज करायचा आणि म्हातारं व्हायला लागायचं. आमच्या मालकांनी अर्ज केला तेव्हा त्यांचे केस काळेभोर होते. अकरा वर्षांनी मला घेऊन आलेल्या लाइनमनने त्यांनाच विचारलं, "आजोबा, मालक कुठायत?"

मालकीणबाईंनी माझ्यासाठी रुमाल विणला. शेजारचे शिंपी मला बघायला आले आणि म्हणाले, "वाजवा की!" फोन असा हवा तेव्हा वाजवता येत नाही, हे मालक त्यांना दोन दिवस समजावत होते. माझ्या कौतुकाचा काळ तेवढाच.

दोन वर्षांनी मालक वारले आणि त्यांचे मुलगे, थोरले नि धाकटे, वाटण्या करायला बसले. दुकानाच्या मधोमध भिंत आली. खिळेसुद्धा मोजून वाटले. शिडीवर एकमत होईना, तेव्हा ती मधून कापली. आता वरच्या फळीपर्यंत एकाचाही हात पोचत नाही. मला काही कापता येईना. नवा फोन मागवावा, तर आणखी अकरा वर्षं. म्हणून भिंतीला भोक पाडून मला त्यात बसवलं. तबकडी कुणाकडे, यावर आठवडाभर भांडून झाल्यावर मला आडवा ठेवला. दोघेही मान वाकडी करून नंबर फिरवायचे.

फोनवर कुणी थोरल्यांची चौकशी केली की धाकटे म्हणायचे, "आहेत, पण त्यांच्या बिजागऱ्या हल्ली करकरतात. मी बोलू का?" धाकट्यांसाठी फोन आला की थोरले हळहळायचे, "त्याला ऐकू येत नाही हो. पत्र टाका."

एकाच बाबतीत त्यांची एकी होती. मी अजून वडिलांच्याच नावावर होतो. नाव बदलायला दोघांच्या सह्या लागत, आणि दुसऱ्याच्या नावावर व्हावा म्हणून सही कोण करणार? त्यामुळे फोनखात्याकडून चौकशी आली की भिंतीच्या दोन्ही बाजूंनी एकच उत्तर जायचं, "बाबा जेवायला गेलेत."

बाबा नऊ वर्षं जेवत होते.

खरं सांगतो, मला दोघांचाही तिटकारा होता. मी वाजत होतो तो बुधवारसाठी. दर बुधवारी अकराला, परगावी दिलेल्या मुलीचा फोन यायचा. तीन मिनिटं. मालकीणबाई साडेनऊपासूनच भोकापाशी स्टूल घेऊन बसायच्या. त्या पंधरा दिवस थोरल्यांकडे जेवायच्या, पंधरा दिवस धाकट्यांकडे. स्टूल त्याप्रमाणे अलीकडे-पलीकडे व्हायचं. पोरीचा आवाज ऐकायची आठवड्यात तेवढीच सोय.

अशाच एका बुधवारी दहा वाजता खात्याचे साहेब लाइनमनला घेऊन स्वतःच हजर झाले.

"फोन ज्यांच्या नावावर आहे, ते कुठायत?"

"जेवायला गेलेत," थोरले सवयीने म्हणाले.

साहेबांनी भिंतीवरची तसबीर पाहिली. खाली जन्माची तारीख होती, मृत्यूचीही. "बराच वेळ लावतात हो जेवायला," ते म्हणाले. "हे बघा, एकाच्या नावावर करून घ्या, दुसऱ्याने सही द्यावी. आत्ताच्या आत्ता. नाहीतर तार कापतो."

"थोरल्याला म्हणावं, माझ्या नावावर कर," भोकातून आवाज आला.

"त्याला म्हणावं, तोंड धुऊन ये."

"अरे मेल्यांनो, मग माझ्या नावावर करा की!" मालकीणबाई कळवळून म्हणाल्या. "अकराला पोरीचा फोन यायचाय."

साहेबांना हे पटलं. धाकट्यांनी सही ठोकली. थोरल्यांनी मात्र पेन खाली ठेवलं. "हा पंधरवडा आई त्याच्याकडे जेवते. आज तिच्या नावावर म्हणजे त्याच्याच नावावर. पुढच्या पंधरवड्यात या, देतो सही."

"मग मी माझी खोडतो," धाकटे म्हणाले, आणि खोडली.

"त्याला मिळण्यापेक्षा कापलेला बरा!" हे कोण म्हणालं ते मला कळलं नाही. दोघांचा आवाज सारखाच आहे.

पावणेअकराला लाइनमनने तार कापली. यंत्र न्यायला नंतर येतो म्हणाला. अजून येतोय.

अकरा वाजले. मालकीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याने वाजवेना. त्या स्टुलावरून उठल्या.

"तुमच्या बाबांचं जेवण होऊ दे सावकाश," त्या म्हणाल्या. "मी चालले पोरीकडे."

"ट्रंक त्याने उचलावी. पंधरवडा त्याचा आहे," थोरले म्हणाले.

"सही यांनी नाही दिली. यांनीच उचलावी," धाकटे म्हणाले.

ट्रंक साहेबांनी उचलली.

मालकीणबाई परत आल्या नाहीत. पुढे दोघांनी आपापले फोन घेतले. आईचा फोन एकालाही येत नाही. ती दुसऱ्याला करते, अशी मात्र दोघांचीही खात्री आहे.

मित्रांनो, इथे मी तुम्हाला वस्तू जपा, माणसं त्याहून जपा, असं काहीतरी सांगायला हवं. जपा. फक्त या दोघांना सांगू नका, आधी कुणी जपायचं यावरून जुंपेल. तूर्त एवढंच करा. धाकट्यांनी माझ्यावर निवडुंगाची कुंडी ठेवली आहे, ती जरा डावीकडे सरकवा. पाणी कानात जातं.