खालची ओळ

आमच्या धंद्यात दगडाची सुरुवात शेवटापासून होते. हसू नका. कबरीच्या दगडावर नाव ज्याचं त्याचं, तारखा ज्याच्या त्याच्या, पण सगळ्यात खालची ओळ एकच: ‘बापाच्या घरी पुन्हा भेटू’. बाप म्हणजे वरचा, देवबाप. आमच्या चर्चच्या कबरस्तानात ही ओळ नसलेला दगड तुम्हाला सापडायचा नाही. म्हणून काम नसलं की आम्ही ती ओळ आधीच कोरून दगड भिंतीला टेकवून ठेवतो. माणूस गेला की वरचं भरायचं. मी तीस वर्षं ती ओळ कोरली आणि एकदाही वाचली नाही. पाव भाजणारा काय प्रत्येक पावाकडे बघून विचार करत बसतो?

गेली चार वर्षं ती ओळ माझा भाचा कोरायचा. माझ्या धाकट्या बहिणीचा एकुलता एक. सव्वीस वर्षांचा, ताडमाड उंच, म्हणून सगळे त्याला लंबू म्हणायचे. हात असा की त्याच्या अक्षरावरून बोट फिरवत बसावंसं वाटे. पण वर्षभरात पोरगं आतून विझत चाललं होतं. डब्बा तसाच परत न्यायचा. हाक मारली तर तिसऱ्या हाकेला वळायचा. मी म्हणायचो, प्रेमात पडलायस की काय, गाढवा? तो हसायचा. मला वाटायचं हसला म्हणजे बरा आहे. अक्कल गहाण टाकली होती मी.

मग त्यानं घोळ घातला. नवरा-बायकोचा जोडदगड होता. नवरा गेलेला, बायको जिवंत, म्हणून तिच्या नावाखालची जागा कोरी ठेवायची. लंबूनं तिथंही नवऱ्याचीच तारीख कोरली. बाई दगड बघायला आल्या आणि स्वतःच्या मरणाची तारीख वाचून खुर्चीत बसल्या, त्या उठेचनात. मी त्यांना पाणी दिलं, माफी मागितली, रिक्षात बसवलं, आणि परत येऊन लंबूला फाडून खाल्लं. राग माझ्या नाकावरच असतो. उचलली जीभ लावली टाळ्याला. शेवटी म्हणालो, “चालता हो. पुन्हा मला तोंड दाखवू नकोस.”

त्यानं छिन्न्या पुसल्या, जागच्या जागी ठेवल्या आणि गेला. तिसऱ्या दिवशी त्यानं जीव दिला. त्याहून जास्त मला सांगता येणार नाही.

दफन झालं. पाळकसाहेबांनी प्रार्थना लहान केली. दोन आठवड्यांनी चर्चच्या कमिटीचे सेक्रेटरी दुकानात आले. माणूस वाईट नाही, माझ्याच गल्लीतला. चहा अर्धा पिऊन झाल्यावर म्हणाले, “जागा दिली आम्ही, नाही म्हटलं नाही. पण ती खालची ओळ नको. ज्यानं आपल्या हातानं... त्याच्या दगडावर ते बरं दिसत नाही. लोक विचारतात.”

एरवी मी त्यांना कपासकट बाहेर काढलं असतं. पण मूग गिळून बसलो. तुम्ही म्हणाल, पोटावर पाय येईल म्हणून. तेही होतंच, कबरस्तानाचं सगळं काम कमिटीच्या हातात. पण खरं सांगू? मला सुटल्यासारखं वाटलं. मीच त्याला तोंड दाखवू नकोस म्हटलेलं. आता खाली ‘पुन्हा भेटू’ लिहू? कुठल्या तोंडानं?

भिंतीशी उरलेला शेवटचा दगड घेतला. त्यावरची ओळ लंबूनंच कोरलेली होती. ग्राइंडर लावला. कोरलेलं अक्षर पुसायचं म्हणजे अक्षर जितकं खोल, तितका भोवतालचा दगड खाली न्यावा लागतो. लंबू खोल कोरायचा. तासभर लागला. ओळ गेली आणि तिथं हातभर लांबीचा खळगा राहिला, कितीही पॉलिश केलं तरी दिसणारा.

दुसऱ्या दिवशी दुपारी बहीण आली. ती दवाखान्यात चादरी धुण्याच्या खात्यात आहे, हात कायम पांढरे पडलेले. वर नाव वाचलं, तारखा वाचल्या, मग वाकून त्या खळग्यात हात ठेवला.

“दादा, इथं काय होतं?”

मी सांगितलं. सेक्रेटरींचं सांगितलं, माझं नाही.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती स्टुलावर बसली. “म्हणजे तो त्या बापाच्या घरी नाही, असं ठरवलं तुम्ही लोकांनी.”

“अगं, मी कोण ठरवणार?”

“मग सांग. तो तिथं असेल का?”

“पाळकसाहेबांना विचार.”

“विचारलं. म्हणाले, देव दयाळू आहे. आणि घड्याळाकडे बघितलं. मी तुला विचारतेय. तीस वर्षं लोकांच्या डोक्याशी हे लिहून ठेवतोस, ते काय दगड भरायला?”

तीच बोलत राहिली. “त्याचे बाबा गेले तेव्हा मी याच ओळीवर उभी राहिले. पोर पदरात आणि ही ओळ, दुसरं होतंच काय? आता म्हणतात, नवऱ्याला भेटशील, पोराला नाही. अरे, तो आजारी होता. तापानं माणूस जातो, तसा हा मनानं गेला. लंगडं पोर रस्त्यात पडलं तर बाप उचलून आणतो की दार लावून घेतो? मला नाही कळत शास्त्र. पण असला बाप असेल तर मलाही त्या घरी जायचं नाही.”

ती रडत नव्हती. मीच रडायला लागलो, पंचावन्न वर्षांचा घोडा. आणि जे तोंडातून कधीच निघणार नाही असं वाटलं होतं, ते निघालं. जोडदगड, त्या बाई, आणि माझं ते वाक्य. “मीच घालवला त्याला,” म्हणालो. “म्हणून पुसली ओळ. सेक्रेटरी निमित्त. मला त्याला भेटायची भीती वाटते.”

तिनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता उठेल, जाईल, आणि बहीणही संपली.

“मला माहितीये ते,” ती म्हणाली. “त्यानंच सांगितलं होतं. घरी येऊन म्हणाला, मामा तापलाय, चार दिवसांत निवळेल, तोच बोलवायला येईल बघ. आणि जेवला त्या दिवशी. पोटभर जेवला, दादा.”

“जेवला?”

“दोनदा वाढून घेतलं. दुसऱ्या दिवशी मला बाजारातून सामान आणून दिलं. तू नाही घालवलास त्याला. तुझ्या शिव्या त्यानं लहानपणापासून ऐकल्या होत्या.”

मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. जमीनच सरकली. इतके दिवस निदान कारण तरी माझ्या हातात होतं.

“मग का गेला गं?”

“मला काय माहीत?” आता तिचा आवाज फुटला. “जन्म दिला मी त्याला, शेजारच्या खोलीत झोपले होते मी, आणि मला माहीत नाही! इथं कुणालाच माहीत नाही. ते त्यालाच विचारायचंय मला. समोर बसवून, डोक्यावर हात ठेवून विचारायचंय. म्हणून पाहिजे ती ओळ. ऊठ, कोर.”