तिसरा नंबर

पेनाच्या टोपणावर दातांच्या खुणा होत्या — बारीक, खोल, शाळकरी मुलाच्या असाव्यात तशा. एवढा मोठा माणूस टोपण चावतो याचं तिला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून जरा धीरही आला. चित्रपटांना पैसा पुरवणारा तो गृहस्थ टेबलापलीकडे तिची संहिता चाळत होता. वाचत मात्र नव्हता. दोन बहिणींची गोष्ट, तीन वर्षं रक्त आटवून लिहिलेली, आणि हा भाजीची जुडी हलवून बघावी तशी पानं हलवत होता.

"गोष्ट सगळ्यांचीच चांगली असते हो," तो म्हणाला. "मी गोष्टीवर पैसे लावत नाही. माणूस पिक्चर पुरा करेल की अर्ध्यात रडत बसेल, तेवढं बघतो."

म्हणून तर त्याची ती पद्धत. अर्जासोबत तीन फोन नंबर द्यायचे — एक तुमचं कौतुक करणाऱ्याचा, एक तुमच्याशी भांडून गेलेल्याचा, एक घरातला. पहिला तिने कॅमेरामनचा दिला होता, दुसरा जुन्या संकलकाचा (शिव्या घालणार मेला, घालू दे), आणि तिसरा, फारसा विचार न करता, ताईचा. ताई बिचारी काय सांगणार... हट्टी आहे हो आमची, पण गुणी आहे.

"तुमच्या ताईंशी काल बोललो. चांगला तासभर."

तासभर? ताई तर दोन वाक्यांत फोन आटपणारी — ठेवते गं, दूध उतू जाईल.

"वडिलांच्या शेवटच्या दिवसांवरची तुमची ती छोटी फिल्म. त्यातली ती शेवटची चार मिनिटं, वडील जातात ती..."

"कॅमेरा स्टँडवर होता," ती घाईने म्हणाली. "चालू राहिला. मी डॉक्टरांना फोन करायला बाहेर गेले होते."

हे ती किती वेळा बोलली होती! बक्षीस घेताना, मुलाखतींत. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून यायचे. इतक्यांदा बोलली होती की तो बाहेरचा व्हरांडा, कानाला लागलेला गार फोन, पलीकडे वाजणारी रिंग — सगळं तिला लख्ख आठवायचं. गेले होते ना मी? गेलेच होते...

"ताई दारात होत्या म्हणे," तो शांतपणे म्हणाला. "हातात पाण्याचं भांडं. वडिलांनी तुमच्याकडे हात पुढे केला. ताईंना वाटलं, तुम्ही धराल. तुम्ही फोकस नीट केलात."

खिडकीबाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा तो एकसुरी आवाज थांबत नव्हता. आठ वर्षं ताईने अवाक्षर काढलं नव्हतं. आठ वर्षं दर रविवारी जेवायला बोलावलं, आग्रहाने वाढलं — आणि हे सगळं पोटात ठेवून? तिला ताईचा संताप आला, मग लाज वाटली, मग बाबांचा तो हात... कोरडा, किंचित थरथरणारा, आणि तिच्या डोळ्यांसमोर तो अजूनही चौकटीतच.

"फार रडल्या. म्हणाल्या, तिला पैसे देऊ नका, तिला माणसं दिसत नाहीत." त्याने ड्रॉवरमधून कागद काढून तिच्यापुढे सरकवले. करार होता. "मला नेमकं हेच ऐकायचं होतं."

उठावं. कागद त्याच्या तोंडावर फेकावेत, तडक ताईकडे जावं, तिच्या पायांवर डोकं ठेवावं. हे सगळं तिने मनापासून ठरवलं. तोंड उघडलं तेव्हा मात्र ती म्हणाली, "ताई दारात कुठे होती, म्हणाली? उंबरठ्याच्या आत, की बाहेर?"

आवाज तिचाच होता, शॉट लावतानाचा, स्थिर. तिला स्वतःची भीती वाटली. अगदी खरी, अंगावर काटा आणणारी भीती. पण प्रश्न मागे घ्यावा असं काही तिला वाटलं नाही, आणि ती उत्तराची वाट बघत राहिली.